गावाचा मोकळेपणा आणि गावाचं मतदान: कोकणात काही संबंध दिसतो का?

भरतीओहोटी (धागाकर्ता)

गणपतीत ओटीवर बसून घातलेला वाद आहे. डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकतोय.

आमचा एक मेहुणा औषध कंपनीत फिरतीवर असतो. पेणपासून सावंतवाडीपर्यंतचे दवाखाने त्याच्या पायाखालचे. त्याचा सिद्धांत असा, की गावात शिरल्यावर पाच मिनिटांत तिथलं मतदान ओळखता येतं. अलिबागकडची माणसं मोकळी, कारण तिथे शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, लाल बावटा पिढ्यान्‌पिढ्या. मालवण-वेंगुर्ला अगत्यशील, कारण समाजवाद्यांचे संस्कार. रत्नागिरी शहर जरा आखडू, कारण... इथे त्याने जे कारण दिलं ते लिहीत नाही, नाहीतर धागा तिसऱ्या प्रतिसादाला बंद पडेल.

ऐकायला झकास. पण आमच्याच मतदारसंघाचा हिशेब मांडला की गाडी अडते. जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ घ्या. १९५७ पासून समाजवादी बॅरिस्टर नाथ पै. त्यांच्यानंतर १९७१ ते १९८९ अशा सलग पाच निवडणुका मधु दंडवते, आणि ते तर मूळचे कोकणातलेही नव्हेत, नगरचे. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू. मग फेररचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला आणि २००९ ला काँग्रेसचे निलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे. समाजवाद्यांपासून भाजपपर्यंत सगळी वळणं झाली. एवढ्या काळात दारात आलेल्याला आधी पाणी आणि मग प्रश्न, ही आमच्या वाडीची रीत काही बदललेली मला दिसली नाही. आणि आखडू म्हणतात ती रत्नागिरी आता त्याच मतदारसंघात आहे. एकच खासदार, मग स्वभाव दोन कसे?

कोणता पक्ष चांगला यावर इथे भांडू नका, त्यासाठी वेगळे धागे धोधो वाहतायत. प्रश्न एवढाच, की गावाच्या राजकीय कलाचा आणि गाव परक्याशी कसं वागतं याचा संबंध तुम्हाला दिसलाय का?


तिरफळ

मेवण्याक सांगा, आमच्या मालवणात पाच मिन्टात मतदान वळखूक येना नाय. आमका पाच वर्सांत आमदार वळखूक येना नाय.

आता सरळ लिहितो. मालवणात नवखा माणूस दिसला की पहिला प्रश्न "खंयचो?" आणि दुसरा "कोणाचो?". पर्यटकाला हे फार गोड वाटतं. पण हा अर्धा जिव्हाळा आणि अर्धा पंचनामा असतो. तुमचं गाव, घर, मामा, आत्या यांपैकी एक धागा जुळला की जेवल्याशिवाय सुटका नाही. नाहीच जुळला तरी सोलकढी मिळेल, रस्ताही कोणी दाखवेल, पण नजर पाठीवर राहील. हे माझ्या आज्याच्या वेळी होतं आणि आजही आहे. आजोबा कोणाला मत द्यायचे ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही.


खारबांध

अलिबागचं नाव आलं म्हणून बोलतो. लाल बावट्यामुळे आम्ही मोकळे झालो, असं म्हणणं म्हणजे बैलापुढे गाडी जोडणं आहे.

आमच्याकडे खारजमीन. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालायचा आणि तो सगळ्यांनी मिळून राखायचा. उधाणाला एकाच्या हद्दीत खांड पडली की खारं पाणी साऱ्यांच्या शेतात, आणि जमीन पुढची कित्येक वर्षं नापीक. त्यामुळे शेजाऱ्याशी अबोला धरणं आम्हाला परवडायचंच नाही. रात्री हाक आली की भांडण बाजूला आणि घमेलं हातात. ज्या माणसांना ही सवय होती त्यांनीच १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबागजवळच्या चरी गावचा संप चालवला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचंच सोडलं, जंगलातून मोळ्या आणून विकल्या, पण माघार घेतली नाही. शेकाप निघाला १९४७ ला. म्हणजे एकत्र उभं राहायची सवय आधीची, पक्ष मागाहून आला आणि त्याला ती आयती मिळाली.

आता बांधाकडे बघायला माणसं नाहीत, जमिनी बंगल्यांना गेल्या. आजची पोरं मुंबईच्या गाडीला रस्ता विचारल्यावर कशी उत्तरं देतात ते मेहुण्यांनी पुन्हा एकदा तपासावं.


आकडेमोड

या विषयावर बाहेर बरंच काम झालंय, थोडं सांगतो. रॉबर्ट लेव्हिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जगातल्या २३ मोठ्या शहरांत साधे प्रयोग केले. चालता चालता खिशातलं पेन पाडायचं. पायाला आधारपट्टी बांधून लंगडत जायचं आणि हातातली मासिकं पाडायची. आंधळ्याचं सोंग घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. किती अनोळखी लोक मदतीला येतात ते मोजायचं. रिओ दि जानेरो पहिलं आलं, क्वालालंपूर शेवटचं, न्यूयॉर्क तळाच्या जवळ. आपलं कोलकाता वरच्या पाचांत.

मेहुणे लगेच म्हणतील, बघा, तेव्हा तिथे डावी आघाडी होती! पण वरच्या यादीत व्हिएन्ना आणि माद्रिदही आहेत, आणि या सगळ्यांच्या राजकारणात एक धागा शोधून दाखवा. जुळलेली गोष्ट वेगळीच निघाली: जिथे लोकांची क्रयशक्ती कमी तिथे मदत जास्त. त्याआधी अमेरिकेतल्याच ३६ शहरांत त्याने पाहिलं होतं, तिथे सगळ्यात ठळक संबंध लोकवस्तीच्या दाटीशी होता. जितकी गर्दी जास्त तितकी मदत कमी.

राजकारण थेट आत येतं ते स्टॅनली मिलग्रॅमच्या प्रयोगात. १९६३ साली त्याने अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात तिकीट लावलेली चारशे पत्रं रस्त्यांत, दुकानांत, फोनच्या खोक्यांत जणू कोणाची पडली असावीत तशी टाकून दिली. शंभर एका खासगी माणसाच्या नावे, शंभर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, शंभर कम्युनिस्ट पक्षाच्या मित्रांच्या, शंभर नाझी पक्षाच्या मित्रांच्या. उचलून पेटीत टाकायची की नाही ते सापडणाऱ्याने ठरवायचं. वैद्यकीय संस्थेची ७२ पोचली, खासगी माणसाची ७१. दोन्ही पक्षांची पंचवीस-पंचवीस.

गाव तेच, माणसं तीच. पाकिटावरचं नाव बदललं आणि भलेपणा तिसऱ्या हिश्श्यावर आला. त्यामुळे "गाव मोकळं आहे का" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो.


तिरफळ

आमच्याकडे हा प्रयोग केला तर चारशेच्या चारशे पत्रं पोचतील. फक्त मजकूर वाडीभर आधी पोचेल.


सावित्रीकाठ

आकडेमोड यांनी दार उघडलंच आहे तर आत शिरते. मी महाडची. मोकळं कोणासाठी, हे विचारल्याशिवाय या विषयाला अर्थ नाही.

महाड जुनं व्यापारी गाव. सावित्रीतून गलबतांची ये-जा, पेठ, धर्मशाळा. त्या काळी कोणी फिरतीवरचा मेहुणा आला असता तर त्यानेही अगत्यशील म्हणूनच शेरा मारला असता. सीताराम केशव बोले यांनी १९२३ ला मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ ला महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर गाव पुरोगामी झालं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेली माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचं शुद्धीकरण झालं आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागायला १९३७ उजाडलं.

पण त्याच गावात सुरेंद्रनाथ टिपणीस होते, नगरपालिकेचे अध्यक्ष, सत्याग्रहाच्या बाजूने उभे. मार खाणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. मग महाड मोकळं होतं की नव्हतं?

माझं म्हणणं असं, की राजकारण गावाचा स्वभाव बदलत नसेल, पण गावाच्या अगत्याच्या रेषेत कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, हे राजकारणानेच हलतं. म्हणजे निवडणुकीपुरतं नव्हे, चळवळीने, कायद्याने, न्यायालयाने. आपोआप, स्वभावाने काही झालेलं नाही.

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडू नका. नोकरीनिमित्त मी किनाऱ्यावरच्या एका गावात खोली शोधत होते. गावाचं नाव घेत नाही. काकू फार गोड. चहा झाला, खोली दाखवली, भाडं ठरलं. मग "आडनाव काय म्हणालात?" त्यानंतर खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे हे त्यांना अचानक आठवलं. चहाला मात्र पुन्हा यायचा आग्रह केला, आणि तो खोटा नव्हता असं मला अजूनही वाटतं.


खवचट रत्नांग्रीकर

सावित्रीकाठ, वर जे लिहिलंत त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, वाचलं एवढंच सांगतो. पतितपावन मंदिर आमच्या गावात १९३१ ला झालं, भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं, सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध. सगळ्या जातींना एका गाभाऱ्यापर्यंत नेणारं ते देऊळ. तिथेही गावातल्या किती जणांनी नाकं मुरडली असतील याची कल्पना करता येते.

आता आखडूपणाबद्दल. आम्ही चहा विचारतो, पण दोनदा विचारत नाही, एवढाच आमचा गुन्हा. जिल्ह्याचं ठिकाण आहे. कोर्ट, कचेऱ्या, सिव्हिल हॉस्पिटल, मिरकरवाड्याचं बंदर. दिवसभर परगावची माणसं अंगावर येतात. प्रत्येकाला "कोणाचो" विचारत बसलो तर दुकान कधी उघडायचं? आकडेमोड म्हणतात ती गर्दी ती हीच. इंग्रजांनी तर थिबा राजाला थेट ब्रह्मदेशातून उचलून आमच्या दारात आणून ठेवला, पुढे सावरकरांना. सरकारने धाडलेल्या पाहुण्यांकडे अंतर राखून बघायची सवय लागलेली आहे, ती मोडायला वेळ लागेल.


लालबागचा भाचा

इथे कोणी मुंबईचं नाव काढेना म्हणून मी काढतो. कोकणातल्या गावाचा राजकीय कल गावात ठरतो हे गृहीतच चुकीचं आहे. तो बराच काळ परळ-लालबागच्या गाळ्यांत ठरला. गिरणीत लाल बावट्याची युनियन होती तेव्हा गावाकडेही तीच हवा, १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखा आल्या तशी हवा बदलली, १९८२ च्या संपानंतर माणसंच गावी परतली. वाडीचं मंडळ मुंबईत, त्याची सभा मुंबईत, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मुंबईत. मेहुण्यांना गावात जे मतदान दिसतं ते गणपतीला येऊन गेलेलं असतं.

दुसरं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. तिथे असतात दोन पॅनेलं आणि त्यांच्या मागे दोन भावक्या. शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात जायची यावरून बिनसलेलं असतं, वाटेच्या हक्कावरून बिनसलेलं असतं. मग एक गट एका पक्षात गेला की दुसरा आपोआप समोरच्या पक्षात. २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा आमच्या वाडीत कोण कुठे जाणार हे मी आधीच सांगू शकलो असतो, सातबारा बघून.

आणि खरी गोम या सातबाऱ्यातच आहे. एका उताऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. सख्ख्या चुलत्याशी बोलणं बंद, आंब्याच्या एका कलमासाठी कोर्टात तारखा. तोच माणूस पुण्याहून चुकून आलेल्या कुटुंबाला दुपारी ताट वाढतो, शहाळी काढून देतो, मुलांना खाडीवर फिरवून आणतो. ढोंग नाही त्यात. पाहुण्याचं नाव उताऱ्यावर नाही, म्हणून त्याच्याशी मोकळं वागायला काहीच लागत नाही. कोकणी माणूस प्रेमळ की भांडखोर, असं विचारणाऱ्याला मी विचारतो, तुम्ही हिस्सेदार की पाहुणे?


भरतीओहोटी (धागाकर्ता)

हे शेवटचं वाक्य मेहुण्याला पाठवलं. उत्तर आलं, "आम्ही जावई, म्हणजे दोन्ही."

गंमत सोडून, त्याने सिद्धांत जरा सुधारला आहे. म्हणतो, कोणता पक्ष हे महत्त्वाचं नाही, किती पक्ष हे महत्त्वाचं. ज्या नाक्यावर एकाच नेत्याचे फलक, तिथे रिक्षावाल्यांपासून टपरीवाल्यापर्यंत सगळे तोलून बोलतात. जिथे तीन-चार पक्षांचे फलक एकमेकांना खेटून, तिथे माणसं बिनधास्त बोलतात. मला यात दम वाटतो.


तिरफळ

आमच्या नाक्यावर चार फलक आणि चारही गप्प. कारण चारांतले तीन एकमेकांचे साडू.


माडाच्या बनात

आमचं दोन खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर आहे, देवबागच्या अलीकडे. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर हळूहळू किनाऱ्यावर सगळ्यांनीच खोल्या काढल्या. त्यामुळे आमच्या गोड बोलण्यात धंदा किती हे मला विचारा, मी प्रामाणिकपणे सांगेन: मे महिन्यात निम्मा, जूनमध्ये शून्य. पावसात गाडी चिखलात रुतली तर काढायला जो येतो त्याला पैसे घ्यायचं सुचतही नाही.

पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो पक्षामुळे झाला नाही. माझं माहेर राजापूर तालुक्यात. नाणारच्या रिफायनरीचं सुरू झालं तेव्हापासून तिथे परक्या गाडीकडे बघायची नजर बदलली. मोजणीवाले की दलाल, हा पहिला विचार. २०१९ ला नाणारचा प्रकल्प रद्द झाला, लोकांना वाटलं सुटलो, मग बारसूचं निघालं आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर बायका आडव्या पडल्या. त्या काळात कातळशिल्पं बघायला आलेल्या अभ्यासू माणसांनाही आधी चौकशीला सामोरं जावं लागायचं. जमीन घ्यायला कोण कधी येईल या धास्तीत अगत्य कसं टिकणार? आणि समर्थक-विरोधक ही फूट पक्षांच्या आरपार गेली होती. एकाच पक्षाचे दोन भाऊ दोन बाजूंना, असं आमच्याच घरात.


वाशिष्ठी

एवढं वाचून कोणी असं लिहीत कसं नाही, की वेळ आली की हे सगळं गळून पडतं? २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. कोणाची होडी, कोणत्या पक्षाची, कोणत्या धर्माची, कोणी विचारलं नाही. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला कुठकुठून पोरं आली. जेवणाची पाकिटं मशिदीतून आली, देवळातून आली, पक्षांच्या कार्यालयांतूनही आली.


आकडेमोड

वाशिष्ठी, तुमचा अनुभव लाखमोलाचा, पण वादात तो पुरावा म्हणून चालणार नाही. संकटात माणसं जवळ येतात हे जवळपास सगळीकडेच दिसतं. प्रश्न चिखल वाळल्यानंतरचा आहे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या, एक हिंदू-मुस्लिम दंगली होणारं आणि एक शांत राहणारं. उदाहरणार्थ अलीगढ आणि कोझिकोडे. २००२ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की शहरात एकमेकांना सणाला भेटणं, मुलांनी एकत्र खेळणं चांगलंच, पण ताण आला की ते पुरत नाही. पुरतं ते व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालयं, मंडळं यांत दोन्ही समाज एकत्र काम करत असतील तर, कारण भांडण झालं तर दोघांचंही नुकसान. खारबांध यांचा बांध म्हणजे नेमकं तेच. मला जाणून घ्यायचंय, कोकणच्या किनाऱ्यावर आज असा बांध कोणता उरलाय?


खवचट रत्नांग्रीकर

मासळी. दुसरं काही नाही.


डोलकाठी

रत्नांग्रीकरांनी एका शब्दात संपवलं, मी जरा लांबवतो, कारण आमचं घरच त्यावर चालतं. हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव संध्याकाळी येऊन बघा. नौकेचा मालक एका समाजाचा, तांडेल (नौका चालवणारा) दुसऱ्या, खलाशांत नेपाळहून आलेले, बर्फवाला तिसऱ्याच वस्तीतला, पाटी घेऊन बसलेली बाई चौथी. लिलावाच्या बोलीत कोणाचा कल कुठला ते कळत नाही, आणि कळलं तरी सुरमईचा भाव हलत नाही. डिझेलचा परतावा अडला की मच्छीमार सोसायटीतले सगळे एका गाडीत बसून जिल्ह्याला जातात. निवडणुकीत याच लोकांनी एकमेकांच्या सभा उधळलेल्या असतात.

म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. आमचं भांडण पर्ससीनचं, म्हणजे मासळीचा आख्खा थवा वेढून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्याचं आहे. ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश काढला, त्याच्या आधीपासून आणि नंतरही समुद्रात गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे पारंपरिक मच्छीमार) आणि पर्ससीनवाले समोरासमोर आहेत. मालवणला तर बरेचदा. यात दोन्हीकडे सगळ्या पक्षांची, सगळ्या समाजांची माणसं. मी पारंपरिकवाला. माझ्याच पक्षाचा पर्ससीनवाला बंदरात भेटला तर मी त्याला ओळख देत नाही, आणि दुसऱ्या पक्षाचा गिलनेटवाला भेटला तर त्याची दोरी धरतो.

वाशिष्ठी, एक सांगतो. त्या पुरात मदतीला गेलेल्या होड्यांत आमच्या बंदराच्याही होत्या. त्यातल्या एका होडीचं इंजिन चिखल शिरून बाद झालं. दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा यावर आमची सोसायटी अजून भांडतेय. पुढच्या सभेलाही तोच विषय आहे.